बारदान्यावरची चकती

साखरखेर्डा
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६३

कोकिळे माय, तुले आजीचा पोटभर आशीर्वाद. इथं समदे खुशाल. मोरी गाय याली, गोऱ्हा झाला.

तर परवा पयले आली गोजरबाई. आपल्याकडं पाव्हने येऊन राह्यले हे शेजारीन असून तिले आमच्या आधी समजते. तिच्या मागं फटफटी, तीबी ढकलत आनलेली. हिवऱ्याचे जानराव अन् त्यायचा पोरगा शालिग्राम. तुह्या बापानं बोलावलं होतं. काऊन, ते मंग सांगते.

वाटंत खड्ड्यात आदळून फटफटीचे पुढचे पाय बसले होते. पाय म्हंजे चाकाच्या दोहीकडच्या नळ्या. त्यायच्यात लांब स्प्रिंगा अन् तेल असते, हे मलेबी त्याच दिवशी समजलं. नवं सामान पोरानं खामगावहून आनून पिशवीत ठेवलं होतं, लावाचं राह्यलं होतं. चहाबी न घेता त्यानं आपल्या गोठ्यात बैलाच्या दाव्यानं फटफटीचं तोंड आढ्याले टांगलं. चाक काढलं, नळ्या काढल्या, सुटं सामान पोत्याच्या बारदान्यावर मांडलं, जुनं तेल ओताले परात मांगतली. मी म्हनलं, भाकरीची हाय. तर म्हने मंग नको आजी, फुटका डबा द्या. हे मले आवडलं.

झिजल्या रबरी कड्या काढून नव्या अशा बसवल्या, जसा कासार नव्या नवरीले बांगडी चढवते, घासू न देता. मी बाज टाकून पाहातच बसली. गोजरबाई म्हने, "मावशी, लोक पोरगी पाहाले येतात, तू तं पोरगाच पाहून राह्यली."

आता समजलंच असन तुले. मी तुले जबान देल्ली होती का शिक्षन होईस्तोर हा विषय घरात निघू देनार नाही. तुह्या बापानं मले इचारलं नाही. पन फाडू नको, पुढं वाच.

समदं जोडून झालं, चाक बसलं, जानराव टोपी घालून उभे. अन् पोराले बारदान्यावर एक चकती दिसली. नळीच्या आतली. बाप म्हने, "राहू दे बे, एका चकतीनं काय होते. लोक पाहून राह्यले."

तुहा आजा असता तं बैलाले शिव्या देल्या असत्या, नाही तं मले, का तूच बारदाना हलवला. या पोरानं कोनाकडं पाह्यलं नाही. "माही चूक झाली, बाबा," म्हने, अन् चाक पुन्हा खोललं. इतक्या लोकायत. हे बोलनं मी उभ्या जन्मात घरात ऐकलं नव्हतं, गोठ्यात ऐकलं.

चुकीचं खापर बायकोवर फोडते तो नवरा नको, मंग राजा का असेना, असं तूच म्हनली होती. म्हनून मी त्याले तोंडावर सांगतलं, पोरगी मास्तरीन होऊन राह्यली, शिक्षन होईस्तोर लगन नाही. जानराव खाकरले. पोरगा हात पुसत म्हने, "होऊ द्या की आजी. मी कुठं पळून राह्यलो."

मी हो म्हनली नाही, नाहीबी म्हनली नाही. ते तुहं काम. शनिवारच्या यष्टीनं ये, एकदा पाह्य, काय इचाराचं ते तूच इचार. नाही पटलं तं चहा पाजून मीच वापस लावीन, बापाचंबी मी पाहून घेईन.

तेलाचा डाग गोठ्यात अजून हाय. सारवला नाही.

तुही आजी
सोजराबाई

दोघं बापलेक येत्या आयतवारी पुन्हा येतो म्हनून गेले हायेत.