सहीनंतरचा स्वल्पविराम

ती. ताईस,

उभ्या उभ्याच नमस्कार (सकाळपासून एका जागी बसवत नाहीये). तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? बाबा मजेत आहेत, आत्ता तिसऱ्यांदा चष्मा शोधताहेत.

बाबांना तुझ्याकडे हलवायचं संमतिपत्र कार्यालयातून सारखं परत का येतंय, असं तू विचारलंस, तेही रागाने. सांगतो. तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली, चूक दिसली की हात थांबत नाही. पहिल्यांदा डिजिटल सही केली आणि मग नको तिथे एक स्वल्पविराम दिसला. काढला. कागद परत. दुसऱ्यांदा एका वाक्याला दोन पूर्णविराम निघाले (मसुदा तुझाच, पण असू दे). एक उडवला. पुन्हा परत.

शेवटी तुझ्या भाचीने कपाळावर हात मारून मला समजावलं. संगणक अख्खा कागद दळतो आणि त्याची चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढतो, तिला हॅश म्हणतात. कागद चार ओळींचा असो की हजार पानांचा, अक्षरं चौसष्टच. पिठातून दाणा परत मिळत नाही, तसा त्या ओळीवरून कागद मिळत नाही. आणि कागदात एक ठिपका हलला तरी ओळ सबंध बदलते (थोडीशी नाही, सबंध, मला हे अतिच वाटलं). सही म्हणजे ती ओळ माझ्या गुप्त किल्लीने बंद करणं. कार्यालय ती माझ्या जाहीर किल्लीने उघडतं, हाती आलेला कागद स्वतः पुन्हा दळतं आणि दोन्ही ओळी ताडून बघतं. जुळल्या नाहीत की सही बाद. मी म्हटलं, अगं, मी तर कागद सुधारला. ती म्हणाली, "पप्पा, त्याला सुधारणं आणि बिघडवणं सारखंच." मग मी घरातल्या घरात वीस फेऱ्या मारल्या. बाबा विचारत होते, कुणाची वाट बघतोयस.

तिसऱ्यांदा सही करून हात खिशात घातले. तरी कागद परत आला. यंत्रांचं काही सांगता येत नाही.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्याकडे बाबांच्या खोलीला तू पडदेही लावलेस, हे कळलं.

आणखी एक ता. क. यंत्राचा दोष नव्हता. तिसऱ्यांदा सही झाल्यावर मी शेवटच्या ओळीत एक मोकळी जागा टाकली. मुद्दाम. ताई, बाबांशिवाय मला या घरात करमणार नाही. सोबत चौथा कागद जोडलाय, 'बाबा इथेच राहोत' एवढाच. सही केलीय, पडताळून बघ. त्यात एक चूक दिसतेय, पण हात लावलेला नाही.