सुनंदाच्या अभ्यासाचा विषय

नांदुरा, रविवार, दिवेलागण

सुनंदाचा फोन आला. पोरगी विद्यापीठात मानसशास्त्र शिकवते. सध्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर संशोधन करते. काय जेवलात, कोणाशी बोललात, सगळं विचारलं. मागे टकटक चालू.

"काय वं माय, टाईप करून राह्यली का?"

"हो बाबा. तुमचं नाव नाही टाकत."

म्हणजे फोन बापाले, का अभ्यासाले? हसलो, पण ती टकटक कानातून जाईना. जन्मभर गिऱ्हाइकाच्या आवाजावरून मन ओळखलं, पोरीचं ओळखता येईना.

"अजून बरेच प्रश्न आहेत, बाबा."

"दारात कोणी आलं वं. बाकीचे उद्या विचार."

सगळी उत्तरं आजच दिली असती, तर उद्या फोन कशाले आला असता?

दारात कोणीच नव्हतं.