शाईची रेघ

३ नोव्हेंबर
आज अकरा पाय, चार हात. शाळेच्या बाकांवर जखमी सैनिक, फळ्यासमोर मी आणि करवत. शेवटचा गडी मूळचा सुतार. त्याचा पाय कापताना हाडाची कपची उजव्या हाताच्या बोटात घुसली — माझ्या! थोरल्या वहिनी इथं नर्स आहेत. म्हणाल्या, "भाऊजी, आधी हात धुवा." मी म्हटलं, पुढचा आणा.

४ नोव्हेंबर
बोट ठणकतंय. लाली मनगटापर्यंत. जखमींच्या लालीच्या कडेला आम्ही शाईनं रेघ ओढतो. लाली रेघेपुढं सरकली की कापायचं. आज स्वतःच्याच हातावर ओढली. वर बाही. वहिनींना सांगितलं नाही.

सुतार कुरकुरतोय — "डॉक्टर, तो पाय गारठलाय हो." कुठला पाय? तो कुंपणाजवळच्या खड्ड्यात पुरलाय! सगळेच असं म्हणतात, नसा फसवतात. पण हा म्हणाला, "वरची माती ओली आहे." त्याला खड्ड्याचं कुणीच सांगितलेलं नाही.

५ नोव्हेंबर
लाली रेघेपुढं. रेघ पुसली, वर नवी ओढली. संध्याकाळी पुन्हा तेच. स्वतःलाच फसवतोय, गाढव!

६ नोव्हेंबर
वहिनींनी बाही वर केलीच. "या पुसट रेघा कसल्या? मला काय दूधखुळी समजता?" मग रडल्या. दुसरा सर्जन तीन दिवसांच्या वाटेवर. म्हटलं, तुम्हीच कापा, कोपराखाली. रडत रडतच त्यांनी करवत उकळायला टाकली.

मला भीती वाटत नाही. खोटं! भयंकर वाटते. या हाताशिवाय मी कसला डॉक्टर?

९ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. जगलो! वहिनींनी झकास कापलं, माझ्यापेक्षा सरळ. हात त्याच खड्ड्यात पुरला.

तो हात अजून असल्यासारखा वाटतो. हे ठाऊकच होतं. पण बोटांखाली नाडी लागतेय — घोट्याची. ती ओळखण्यात माझी चूक व्हायची नाही. वहिनींना सांगायची हिंमत नाही.

दुपारी सुतार पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "आता बरं वाटतंय, डॉक्टर. कुणीतरी माझा घोटा धरलाय."

१० नोव्हेंबर
सुतार पहाटे गेला. वहिनींनी डोळे मिटले त्याचे. आता दुपार झाली. नाडी अजून चालू आहे.