मुंग्या आलेला हात

बाबूजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. आज दिवसभर प्रयोगशाळेत उंदरांच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, बघत होते. कापलेली नस जोडली की तिच्याभोवतीच्या पेशी रोजचं काम सोडतात, मोडतोड साफ करतात आणि नसेच्या वाढणाऱ्या नव्या धाग्याला वाट करून देतात. कधी काम सोडायचं, कधी परत लागायचं, याचे इशारे काही आरएनए देतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी त्यांना चक्क कचरा समजत. त्यातला एक मी वाढवते, कमी करते, आणि धागा किती सरकला ते बघत बसते. दिवसाला जेमतेम केसभर. ही चिकाटी माझ्यात कुठून आली कोण जाणे, तुमच्याकडून तर नक्कीच नाही.

दवनीवाड्याला धान कापताना शेजारच्याचा विळा तुमच्या उजव्या मनगटाच्या वर बसला. गोंदियाच्या डॉक्टरांनी नस शिवली आणि म्हणाले, "सब्र रखो." सब्र, आणि तुम्ही! त्या बधिर हाताने चुलीवरचा भाताचा गंज उतरवायचात, आई ओरडायची, आणि तुम्ही फोड दाखवून हसायचात, "भाजतच नाही वो!" मग काही महिन्यांनी तळव्याला मुंग्या यायला लागल्या. अहो, ती नस परत येत होती! आणि तुम्ही देवरीकडच्या डागणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावून, सळई तापवून, नेमके त्या मुंग्यांवर तीन डाग घेतलेत. मी रडले तर माझ्यावरच खेकसलात, "काऊन रडून राहिली? हात माहा आहे ना!" माझे उंदीरसुद्धा इतका शहाणपणा करत नाहीत. तो हात पुन्हा जागा झाला नाही. पंगतीत डाव्या हाताने जेवायची लाज वाटते म्हणून तुम्ही लग्नांना जाणंच सोडलंत.

माझ्या संशोधनावरच्या भाषणांत मी ही गोष्ट सांगते. बाप हट्टी होता, कुणाला विचारलं नाही, म्हणते. लोक हसतात. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून खरं लिहिते. तुम्ही विचारलं होतं. डागायच्या आदल्या दिवशी, मी दहावीचा अभ्यास करत असताना, हात पुढे करून म्हणालात, "तू शिकून राहिली, सांग ना, मुंग्या कायले येत असतीन?" मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला कमीपणा वाटला. पुस्तकातून मान वर न काढता मी म्हणाले, "आत सडून राहिलं असन."

तुम्ही माझं ऐकलंत.