उजव्या लोअर आर्मचा दुखवटा

आबिजान, आयव्हरी कोस्ट, २ मार्च २०१४

ती. बोआहेमाताईस,
बेडियाकोचा नमस्कार. पाया पडतो, पण राग तसाच आहे.

नाही, मी शांत होणार नाही. मागच्या पत्रात तू तेच लिहिलंस, त्याच्या आधीच्या पत्रातही तेच. जणू मीच तुला गटारात घातलं! टॅक्सीचं पुढचं चाक सुआमेच्या चौकात आडवं झालं, गुडघा तुझा फुटला, आणि उपदेश मला. ठक्‌ठक्‌ आवाज येतो म्हणून तू दोनदा एजन्सीत गेली होतीस ना? तेव्हा तो सर्व्हिस मॅनेजर ट्वुमासी काय म्हणाला होता? की गाडीत काही नाही, रस्ते वाईट आहेत, बायकांनी जरा हळू चालवावं. आणि वर तपासणीचे पैसेही घेतले. हे मी विसरू?

आता ऐक. आमच्या भंगार यार्डात परवा एक ड्रायव्हर आला. गाडी आपल्यासारखीच, वर्षही तेच. मी त्याला म्हणालो की चाकं धरून ठेवणारे पुढचे आर्म बघून घे, माझी बहीण लंगडी झाली. तो हसला. इथली एजन्सी म्हणे घरी फोन करून बोलावते आणि दोन्ही लोअर आर्म फुकट बदलून देते. टोकाचा बॉल जॉइंट कच्चा निघाला, कारखान्याने स्वतः कबूल केलंय. ‘रिकॉल’ म्हणतात त्याला. म्हणजे ट्वुमासीच्या टेबलावरही हा कागद असणार.

तू जा त्याच्याकडे. नाही म्हणाला तर कळव. मी पान्हा घेऊन येतो. त्याचा कुठला गुडघा आधी, एवढंच सांग.

लोभ ठेव आणि मला आवरू नकोस.
तुझा बेडियाको


कुमासी, घाना, ९ मार्च २०१४

चि. बेडियाकोस,
ताईचे आशीर्वाद, आणि कानाखाली एक उधार.

पत्र बसवाल्या इसिफूने आणून दिलं. फोन करू नकोस. फोनवर तू नुसत्या शिव्या देतोस, कागदावर निदान वाक्य तरी पुरं करतोस.

गेले होते. कुबडी एका हातात, मोडका आर्म कापडात गुंडाळून दुसऱ्या हातात. तुझं खरं निघालं. रिकॉलचा कागद आलाय आणि आपल्या टॅक्सीचा नंबर त्यात आहे. ट्वुमासीनेच वाचून दाखवला, वर अभिनंदनही केलं. मग बाहेर जाऊन गाडीखाली वाकला, आणि आत आला तो तोंड गोड करून. म्हणे, उजवीकडे लावलेला आर्म तुमच्या गाडीचा नाहीच!

नाहीच तो. अपघातानंतर ओपोंगमामानेच लावला. आपला मामा कसला फिटर आहे ते तुला माहीत आहे. खोक्यातलं नवं म्हटलं की तो नाक मुरडतो, नकली असेल म्हणतो. परदेशात वापरून आलेलं म्हटलं की डोळे झाकून दीडपट देतो. तसाच हाही आणला. त्याच कारखान्याचा, तसाच कच्चा. माझ्या पायामुळे गाडी मामाच चालवत होता, पण तुझं पत्र आल्यापासून ती उभी आहे. त्या आर्मवर प्रवासी बसवायची माझी छाती नाही.

ट्वुमासीचं म्हणणं असं की बाहेरचा पार्ट लावला, फिटरचा हात लागला, तेव्हा फुकट बदली संपली. मग मी मोडका आर्म त्याच्या टेबलावर ठेवला. हा तर तुमचाच ना, म्हटलं. त्याने पेनाच्या टोकाने तो ढकलला. म्हणाला, बाई, हा मेला. मेलेल्याला कंपनी ओळखत नाही, पुरून टाका आणि मोकळ्या व्हा. सात-आठ गिऱ्हाइकं बसली होती, सगळी हसली. मी त्याला विचारलं, नक्की मेला का? तो म्हणाला, नक्की.

बरं झालं त्याने सर्वांदेखत सांगितलं. आपल्यात मेलेल्याला कुणी गुपचूप पुरतं का रे? मी तिथून घरी आलेच नाही. थेट श्रद्धांजलीचे पोस्टर छापणाऱ्याकडे गेले.

तू येऊ नकोस. तू त्याचा गुडघा फोडलास तर लोक फळांच्या टोपल्या घेऊन त्यालाच भेटायला जातील. मला त्याला टोपली मिळू द्यायची नाही.

जेवत जा. माया आहे, ती वाया घालवू नकोस.
तुझी ताई


आबिजान, १४ मार्च २०१४

ती. ताईस,
साष्टांग. यावेळी खरंच साष्टांग.

तुझं पत्र मी यार्डात मोठ्याने वाचलं. कुमासीची चार पोरं आहेत इथे, हसून हसून त्यांच्या हातचे पान्हे पडले. मालक विचारत होता कोण मेलं. मी सांगितलं, घरातलंच कुणीतरी.

पण ताई, अर्धवट करू नकोस. मांडव हवा, भाड्याच्या खुर्च्या हव्यात, भोंगा हवा, देणग्या पुकारणारा माणूस हवा. आणि सगळं त्याच्या फाटकासमोर. शनिवारीच कर, त्यांची गिऱ्हाइकं शनिवारीच येतात. पोस्टरवर घराण्याचा प्रमुख म्हणून ट्वुमासीचं नाव घाल. प्रमुखाला स्वतःच्या घरच्या दुखवट्यातून पळता येत नाही. आला तर मेला, नाही आला तरी मेला.

मला रात्री झोप नाही. तुझ्या पायाचा एक्सरे डोळ्यांपुढे येतो. पान्हा अजून उशाशीच आहे, तेवढं बोलू नकोस.

तुझ्या शब्दात राहणारा, जमेल तितका,
बेडियाको


कुमासी, २२ मार्च २०१४

चि. बेडियाकोस,
पोटभर आशीर्वाद.

सुआमेपासून एजन्सीच्या फाटकापर्यंत एकही खांब मोकळा नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘काय हा धक्का!’, खाली आर्मचा रंगीत फोटो, पांढऱ्या लेसवर ठेवलेला. कै. उजवा लोअर आर्म, वय वर्षे तीन. घराण्याचे प्रमुख : श्री. ट्वुमासी, सर्व्हिस मॅनेजर. शोकाकुल : जुळा भाऊ डावा आर्म, आणि एक गुडघा. दुखवटा शनिवारी, २९ तारखेला, एजन्सीसमोर. येताना आपापले आर्म तपासून या.

लोक पोस्टरपुढे थांबतात, वाचतात आणि वाकून स्वतःच्या गाडीखाली बघतात. आपल्यासारख्याच गाड्यांचे चौदा ड्रायव्हर घरी येऊन गेले. त्यांनाही त्याने रस्त्यांचंच गाऱ्हाणं सांगून परत पाठवलं होतं. शनिवारी सगळे दुखवट्याचं काळं-लाल नेसून रांगेत गाड्या लावणार आहेत.

आणि काल तो स्वतः आला. श्नॅप्स दारूची बाटली घेऊन. माफीची बाटली उघडली की माफी दिली, हे त्यालाही ठाऊक. म्हणाला, दोन्ही आर्म नवे, फुकट, उद्याच लावतो. फक्त पोस्टर काढा आणि बाकीच्यांना काही बोलू नका. मी विचारलं, चौदांचं काय? तो म्हणाला, त्यांचं त्यांनी बघावं. मामाचा हात बाटलीकडे गेला होता, मी प्लास्टरचा पाय मध्ये घातला. मामा म्हणत होता, अगं पोरी, गाडी उभी राहून दोन आठवडे झाले, घे आणि गप्प बस.

मामाचं चूक नाही. टॅक्सी चालली नाही तर चूल चालत नाही. शेजारणीच्या टपरीवर यामचे कंद तळून किती दिवस काढू? मी रात्रभर विचार केला. पण ती बाटली बघितली की त्याचं ते पेन आठवतं, आर्म ढकलणारं. सकाळी बाटली परत पाठवली, निरोपासकट : घरचा माणूस अजून पुरायचा आहे, त्याआधी आम्ही पीत नाही.

आता गाडी कधी हलेल ते देव जाणे. रागावलास तर राग.

तुझीच हट्टी ताई


आबिजान, २५ मार्च २०१४

ती. ताईस,
तुझ्या हट्टाला आधी नमस्कार, मग तुला.

रागावू? मी यार्डात नाचलो.

इसिफूच्या बसमध्ये चालकाच्या सीटखाली एक खोकं आहे. दोन नवे लोअर आर्म, सुधारलेल्या जॉइंटचे, इथल्या एजन्सीच्या खिडकीवरून रोख घेतलेले. मालकाकडून दोन महिन्यांचा पगार आगाऊ उचलला. मामाला सांग, खोक्यातलं नवं आहे, तरी नाक मुरडायचं नाही, चुपचाप बसवायचं. शनिवारी रांगेत पहिली गाडी तुझी हवी, चालवायला मामा आणि शेजारी प्लास्टरचा पाय पसरून तू. ट्वुमासीला दिसू दे की त्याच्या फुकटच्यावाचून आपलं अडलेलं नाही. मग तो त्या चौदांना हात जोडून बोलावतो की नाही बघ. नाही बोलावलं तर चाळिसाव्या दिवसाचं पोस्टर छाप, आणि वर्षश्राद्धाचंही.

मी येत नाही. पान्हा कामावर परत नेला. पण दुखवट्याला भाऊ रिकाम्या हाताने राहिला असं कुमासीत कुणी म्हणू नये. पाकीट इसिफूच्या शर्टाच्या खिशात आहे. पुकारणाऱ्याला सांग, भोंगा एजन्सीच्या खिडकीकडे वळव, दम घे, आणि तीनदा पुकार : मृताच्या मामेकुळातून, आबिजानहून, धाकटा भाऊ बेडियाको, घराण्याचे प्रमुख श्री. ट्वुमासी यांच्या सांत्वनासाठी, दोनशे सेडी.