घराचे अकरा दोष

प्रिय बाबा,

चार मिनिटांवर राहणाऱ्या बापाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आणलीस, त्याबद्दल आधी तुझं अभिनंदन. समोर येऊन बोलले असते, पण गेल्या तीन वेळचा अनुभव आहे. मी तोंड उघडलं की तू कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकतोस आणि खिडकीबाहेर बघत बसतोस. कागदाचं तसं नाही. हातात आलेला कागद, मग ती औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी का असेना, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तू खाली ठेवत नाहीस. म्हणून हा उपद्व्याप. चष्मा लाव आणि बस.

आधी तुला हवं ते देऊन टाकते. तू बरोबर होतास. हे घर आम्ही घ्यायच्या आधी तू पाहायला आलास, पाणसळ आणि ती तुझी पोलादी टेप घेऊन दोन तास भिंती ठोकत फिरलास. टेपचं दुसरं टोक अर्थातच माझ्या हातात. लहानपणी शाळेला सुट्टी असली की तू मला तुझ्या बांधकामावर न्यायचास आणि हेच काम द्यायचास. मी जागची हलत नाही म्हणून माझं नाव ओळंबा ठेवलंस, आणि चुकून हललेच तर चार गवंड्यांसमोर ओरडायचास. त्या दिवशीही ओरडलास, मी चाळिशीची झाले तरी. मग एका कागदावर आकडे घालून घराचे अकरा दोष लिहून दिलेस आणि खाली सही केलीस. चाळीस वर्षं सुपरवायझर होतास, सहीशिवाय तुझा कागद पुरा होत नाही.

बाबा, अकराच्या अकरा खरे निघाले. घे, थोपट पाठ. उत्तरेच्या भिंतीची ओल कपाटामागून वर चढली आहे. तुझी नात रोज सकाळी पेन्सिलीने तिची कड आखते आणि शेजारी तारीख घालते. कुणावर गेली आहे ते सांगायला नको. बाथरूमचा उतार खरंच उलटा आहे. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघतं आणि पायपुसण्यापर्यंत येतं. तुझा जावई दिवसभर नवख्या लोकांना गाडी चालवायला शिकवतो, त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. परवा तो वायपर हातात घेऊन त्या जाळीशी कचाकचा भांडत होता. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. जिन्याची चौथी पायरी बोटभर उंच आहे, तिथं आम्ही रोज अडखळतो, आणि रोज न चुकता तुझं नाव घेतो. समोरच्या गॅरेजात सकाळी आठला पत्रे ठोकायला सुरुवात होते, ते जेवायच्या सुट्टीपर्यंत. अकरावा दोष म्हणून तू लिहिलं होतंस की इतकं सगळं सांगूनही हे घर घेणारा माणूस मूर्ख असणार. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आहे. आल्यागेल्याला वाचून दाखवते.

आता यावर तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. कालव्याकाठचं ते दुसरं घर. विसरले नाही मी. मी विसरेन कशी? कवळ्या बनवायच्या माझ्या लॅबपासून अकरा मिनिटं, तीही चालत. सगळ्या खोल्यांत ऊन, बाल्कनीतून पाणी दिसायचं, आणि छोटीच्या खोलीत भिंतीतलं इतकं मोठं कपाट की ती आत जाऊन बसली आणि बाहेरच येईना. तू त्या घराच्या भिंती ठोकल्यास, पायऱ्या मोजल्यास, आणि शेवटी नुसतं हं म्हणालास. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी. आईच्या वाट्यालाही तो हं दोन-तीनदाच आला असेल. ते घर सोडून आम्ही हे पोकळ प्लास्टरचं खोकं घेतलं, तेव्हा तुझा संताप झाला. साहजिक आहे. तू शब्द टाकावास आणि आम्ही तो कचऱ्यात टाकावा, असंच तुला दिसलं. आता मी जायला दोन बस आणि यायला दोन बस करते, संध्याकाळी जीव अगदी मेटाकुटीला येतो. आणि तरीही कुणी कारण विचारलं की मूग गिळून गप्प. तुझा जावईही गप्प. त्या बिचाऱ्याने तर तुझ्या लेखी मूर्खपणाचा सगळा मान एकट्याने घेतला.

पण बाबा, रागालाही काही सुमार असतो. आम्ही राहायला येऊन पाच महिने झाले, तू उंबरठा ओलांडला नाहीस. रोज संध्याकाळी सहाला समोरच्या फुटपाथवरून जातोस, थांबतोस, मान वाकडी करून बाहेरून आमची भिंत तपासतोस आणि निघून जातोस. आम्ही पडद्याआडून बघत नाही असं समजू नकोस. नातीच्या हाती चिठ्ठी पाठवतोस, ओल कुठवर आली म्हणून. मी पाठवलेला डबा खातोस, घासून परत पाठवतोस, वर निरोप देतोस की मीठ कमी होतं. आणि ती शिकाऊ गाडी सारखी तुझ्याच दारासमोर बंद पडते, हॉर्न वाजवते, जावयाला दुसरा रस्ता मिळत नाही का, अशी तक्रारही करतोस. खरंच हात टेकले तुझ्यापुढे.

यावर कडी म्हणजे मंगळवारी धाकट्याचा फोन आला. माझ्या सख्ख्या भावाकडून मला कळलं की येत्या रविवारी सामानाची गाडी येणार आहे आणि तू घर बंद करून त्याच्याकडे कायमचा राहायला चालला आहेस. नवव्या मजल्यावर! जिथं ते दोघं नवराबायको सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्रीच उगवतात. त्याने चाचरत चाचरत कारणही सांगितलं. म्हणे ताईला पोर सांभाळायला फुकटचा माणूस हवा होता म्हणून ती जवळ येऊन राहिली, माझ्या शब्दाला तिथं काडीची किंमत नाही, असं तू त्याला म्हणालास. त्या दिवशी लॅबमध्ये एका गृहस्थांच्या कवळीचे पुढचे दोन दात मी उलटे बसवले. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

फुकटचा माणूस! बाबा, आठव जरा. गेल्या वर्षी, रविवारची सकाळ. तू बाथरूममध्ये पडलास, फोन बाहेरच्या खोलीत. पितळी तांब्याने तू पाइप ठोकत राहिलास, वरच्या काकूंना तो ऐकू आला आणि त्यांनी मला फोन केला. आम्ही तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहायचो, जावई गाडी घेऊन शिकवायला गेलेला. दोन बस. मला पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. पहिल्या बसमध्ये मी उभी होते, दुसऱ्या बसमध्ये जागा मिळूनही उभीच होते. काकूंनी दार तोडायला माणूस बोलावला होता, तू आतून त्याला नको म्हणत होतास, दार चांगल्या लाकडाचं आहे म्हणून. मी किल्लीने उघडून आत आले तर तू भिंतीला टेकून बसलेला, ओठ निळे, आणि मला पहिलं वाक्य काय म्हणालास? या फरश्या लावणाऱ्याला कामावरून काढला पाहिजे. मग माझ्याकडून वचन घेतलंस की धाकट्याला सांगायचं नाही आणि तुझ्याशीही हा विषय पुन्हा बोलायचा नाही. बोलले नाही मी. लिहायचं नाही, असं काही आपलं ठरलं नव्हतं.

त्या रात्री मी फक्त जावयाला सांगितलं. सकाळी उठून त्याने कालव्याकाठच्या घराला नाही म्हणून कळवलं आणि तुझ्या गल्लीच्या आसपास काय मिळतंय ते शोधायला लागला. जे मिळालं ते हे. मी लॅबमध्ये असते तेव्हा तो इथं असावा म्हणून त्याने आपली शिकवणीही याच रस्त्यांवर आणली. त्याची गाडी दिवसातून चार वेळा तुझ्याच दारासमोर बंद पडते, कारण तू खिडकीत दिसेपर्यंत तो ती पुढे नेत नाही. तुला खरं सांगितलं असतं तर कुणाच्या जिवावर जगत नाही म्हणून तू आम्हाला हे घर घेऊच दिलं नसतंस. म्हणून गप्प बसलो. चुकलं आमचं, आता फार वाटतं की तेव्हाच सांगायला हवं होतं.

तर तुझ्या कागदावर एक गोष्ट राहून गेली आहे, सुपरवायझर असूनसुद्धा. तू आमचा प्रत्येक कोपरा मोजलास, पण तुझ्या दारापासून आमच्या दारापर्यंतचं अंतर मोजलं नाहीस. मी मोजलं आहे. चारशे बारा पावलं. चालत चार मिनिटं, आणि धावत अडीच. धावून बघितलंय मी, दोनदा, एकदा तर अनवाणी. ओल, उतार, ती पायरी, सगळं त्या अडीच मिनिटांसाठी घेतलं आहे, आणि तू नसशील तर या घरात घेण्यासारखं खरंच काही नाही. पावलांवर तुझा विश्वास बसणार नाही हे मला माहीत आहे. शनिवारी सकाळी टेप घेऊन बाहेर ये आणि स्वतः मोज. नऊ-दहा वेळा उचलावी लागेल. दुसरं टोक धरायला मी तुझ्या दाराशी उभी असेन, आणि या वेळी हलणार नाही.

तुझीच,
ओळंबा