न उसवलेलं पोतं

केशोरी, शनिवार, डिसेंबर २०१५

सुट्टीत घरी आलो तर आई सुपानं धानाचं तूस पाखडून राहिली होती. जन्मभर तूस उडवून तांदूळ ठेवणारी बाई आज कणी वेचून कोंबड्यांना टाकत होती आणि तूस जपत होती. माझ्यासाठी. मीच तिला सांगितलं होतं ना, तू मागच्या खेपेला दिलेल्या पोतंभर तुसातून लॅबमध्ये प्लाझ्मानं ग्राफीन, म्हणजे कार्बनचा अगदी पातळ थर, वाढवलं, त्याची बॅटरी चार्ज होते! खरं तर ते ग्राफीन सिलिंडरमधल्या मिथेन वायूचं. तुसाचा प्रयोग केलाच नाही. काऊन खोटं बोललो? तिच्यासाठी, की मोठेपणासाठी?

"मागच्या पोत्यात कणी रायली होती का गा, बापू? तुया बॅटरीले तरास झाला असन."

"नाही झाला," म्हणालो.

ते पोतं लॅबमध्ये टेबलाखाली आहे. तिनं घातलेला टाकासुद्धा मी उसवलेला नाही.